ग्रेच्चोच्या गव्हाणीचे संत
असिसीकर फ्रान्सिस यांचे चरित्र

आगमनकाळाचा तिसरा रविवार उलटला म्हणजे आमच्या धर्मग्रामातील आळीआळींतून गोठे उभे राहू लागतात. मुले पेंढा गोळा करितात, तरुण मंडळी बांबू बांधितात, कोणी गोणपाटाचे डोंगर रचितो, कोणी आरशाचे तळे मांडितो. आणि मध्यरात्रीच्या मिस्सेहून परतताना आबालवृद्ध त्या गोठ्यांपुढे क्षणभर थांबून बाळ येशूस वंदन करितात. हा देखावा आम्हांस इतका परिचयाचा झाला आहे की, त्याच्यामागे कोण उभे आहे ह्याचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. आठशे वर्षांमागे इटली देशातील एका डोंगराळ गावी एका भिक्षेकरी संताने नाताळची रात्र साजरी केली, आणि त्या रात्रीची आठवण आज जगभर घरोघरी मांडिली जाते. त्या संताचे चरित्र ह्या महोत्सवी पुस्तिकेत यावे हे आम्हांस आणखी एका कारणास्तव योग्य वाटते. त्यांच्याच संघाचे संन्यासी सोळाव्या शतकात आमच्या वसई-साष्टीच्या किनाऱ्यावर सुवार्तेसाठी उतरले, आणि वसईच्या किल्ल्यात संत अंतोनींच्या नावाने त्यांनी बांधिलेल्या मंदिराचे भग्नावशेष अद्यापि उभे आहेत.

संत फ्रान्सिस म्हटले की पाखरांना केलेला उपदेश आणि गुब्बिओचा लांडगा एवढेच बहुतेकांच्या स्मरणात असते. त्या गोष्टी गोड आहेत, परंतु त्या येथे सांगण्याचा आमचा मानस नाही. हा सत्पुरुष सण कसा करीत असे, कोणाबरोबर जेवावयास बसत असे, आणि त्याच्या पंक्तीत कोणास जागा असे, एवढ्याच बाजूने आम्ही त्यांच्या आयुष्याकडे पाहणार आहोत.

इ. स. ११८१ किंवा ११८२ साली उंब्रिया प्रांतातील असिसी नगरात त्यांचा जन्म झाला. वडील पिएत्रो बेर्नार्दोने हे कापडाचे मोठे व्यापारी. मालाच्या खरेदीसाठी ते वारंवार फ्रान्स देशात जात. मुलगा जन्मला तेव्हाही ते घरी नव्हते. आई पिका हिने बाळाचे नाव योहान ठेविले. वडील परत आले तेव्हा त्यांनी त्याचे फ्रान्सिस असे नामांतर केले, आणि तेच पुढे रूढ झाले. घरात पैशाला तोटा नव्हता व मुलाचा हात सढळ होता. गावच्या तरुणांच्या जेवणावळींत फ्रान्सिस अग्रेसर असत. खर्च बहुधा तेच करीत, म्हणून सोबत्यांनी त्यांस आपल्या टोळीचा राजा केले होते. रात्री पोटभर जेवून ही मंडळी गात गात असिसीच्या गल्ल्यांतून हिंडत. सण कसा करावा हे फ्रान्सिस ह्यांना मठात शिकावे लागले नाही. ते त्यांच्या रक्तातच होते, आणि देवाने त्यांचे हे अंग खुडून टाकिले नाही, ह्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

इ. स. १२०२ साली असिसी व पेरुजा ह्या दोन नगरांमध्ये लढाई झाली. तीत असिसीकरांचा मोड झाला आणि फ्रान्सिस सुमारे एक वर्ष पेरुजाच्या बंदिवासात पडले. सुटून आल्यावर दीर्घ दुखणे आले. पुढे वीर व्हावे ह्या उमेदीने घोड्यावर बसून ते दक्षिणेकडे अपुलिया प्रांती निघाले. पण स्पोलेतो येथे रात्री एक वाणी ऐकून मागे फिरले. त्यानंतरची एक हकिगत जुन्या चरित्रकारांनी सांगितली आहे. एका मेजवानीनंतर सोबती गात पुढे चालले होते आणि राजदंड हाती घेऊन फ्रान्सिस मागून येत होते. चालता चालता ते रस्त्यातच थबकले. त्यांच्या अंतःकरणात इतकी गोडी भरून आली की पाऊल उचलेना. सोबत्यांनी मागे वळून थट्टेने विचारिले की लग्नाचा बेत चालला आहे काय. त्यावर त्यांनी होय म्हटले, आणि आपली वधू सर्वांहून सुंदर असेल असे सांगितले. ती वधू म्हणजे दारिद्र्य, हे त्या वेळी कोणास उमगले नाही.

ह्याच सुमाराची आणखी एक लहानशी गोष्ट आम्हांस विशेष प्रिय आहे. वडील परगावी गेले म्हणजे घरात जेवावयास मायलेकरेच असत. तरीही फ्रान्सिस टेबलावर भाकरींची चळत लावीत, जणू सारे कुटुंब जेवावयास बसणार आहे. दोघांना एवढ्या भाकरी कशासाठी, असे आईने विचारिले तेव्हा त्यांनी सांगितले की, जो कोणी देवाच्या नावाने मागेल त्यास देण्याचा आपण निश्चय केला आहे, त्यांच्यासाठी ही तजवीज. आई काही बोलली नाही. ती माउली पाहत राहिली आणि मनात आश्चर्य करीत राहिली. भाकरी रचणारा तो हात आणि न बोललेली ती आई ह्या दोघांच्या मधोमध पुढील सारी कथा बीजरूपाने आहे असे आम्हांस वाटते.

पुढचा प्रसंग मात्र दुःखाचा आहे. ज्या कुष्ठरोग्यांच्या वाऱ्यासही ते पूर्वी उभे राहत नसत, त्यांची ते सेवा करू लागले. सान दामियानोच्या पडक्या चर्चमध्ये क्रूसावरील प्रभूने आपले घर दुरुस्त करण्याची त्यांस आज्ञा केली. ती शब्दशः घेऊन त्यांनी बापाच्या दुकानातील कापड व घोडा फोलिन्यो येथे विकून पैसे चर्चसाठी आणिले. बापाचा संताप अनावर झाला. त्याने मुलास घरात कोंडून ठेविले. तो गावाबाहेर गेला असता आईने बंधने सोडून मुलाला मोकळे केले. अखेर इ. स. १२०६ मध्ये बिशप गुइदो ह्यांच्यासमोर कज्जा उभा राहिला. फ्रान्सिस ह्यांनी पैसे परत केले, अंगावरचे कपडे उतरवून बापाच्या पायाशी ठेविले, आणि ह्यापुढे आपला पिता एकच, तो स्वर्गातील, असे सर्वांदेखत जाहीर केले. बिशपांनी आपल्या झग्याखाली त्यांस झाकून घेतले.

ह्या प्रसंगाचे चित्र चर्चच्या भिंतींवर फार शोभून दिसते. परंतु घरात त्याचे काय झाले? बाप रस्त्यात भेटला की शाप देई. सख्खा भाऊ थंडीत कुडकुडणाऱ्या फ्रान्सिसची चेष्टा करी. ते शाप फ्रान्सिस ह्यांच्या काळजास लागत. म्हणून त्यांनी एक उपाय केला. एका अगदी टाकून दिलेल्या गरीब माणसास त्यांनी आपला बाप मानिले; मिळालेल्या भिक्षेतला वाटा त्यास द्यावा, आणि पिएत्रोने शाप दिला की त्याच क्षणी ह्या म्हाताऱ्याने क्रूसाची खूण करून आशीर्वाद द्यावा, असे ठरविले. पितापुत्रांचा समेट झाल्याचे चरित्रकारांनी कोठेही लिहिलेले नाही. संतांच्या आयुष्यातही एक पाट रिकामा राहू शकतो, हे ज्या कुटुंबांत नाताळच्या दिवशी एखाद्याची वाट पाहूनही तो येत नाही त्यांनी ध्यानी घ्यावे. आम्ही धर्मगुरू अशी घरे जाणतो. बांधावरून किंवा वाटणीवरून तंटा होऊन सख्खे भाऊ एकाच चर्चमध्ये दोन बाजूंस बसतात, आणि नेवऱ्यांची ताटे शेजाऱ्यांच्या घरी जातात, पण भिंतीपलीकडे जात नाहीत. फ्रान्सिस ह्यांनी ते दुःख लपविले नाही आणि त्याचा बडेजावही केला नाही. त्यांनी आशीर्वादाची सोय करून घेतली एवढेच.

देवाने त्यांस नवे कुटुंब दिले. असिसीतील धनिक बेर्नार्दो दे क्विन्ताव्हाल्ले ह्यांनी सर्वस्व वाटून टाकून त्यांची सोबत धरिली. मागोमाग इतर आले. इ. स. १२०९ मध्ये ही लहानशी मंडळी रोमला गेली आणि पोप इनोसंट तिसरे ह्यांनी त्यांच्या जीवनक्रमास तोंडी मान्यता दिली. इ. स. १२१२ मध्ये असिसीच्या सरदार घराण्यातील क्लारा हिने घर सोडिले व तिच्यापासून भगिनींचा संघ निघाला. ह्या कुटुंबातील प्रेमाची रीत कळावी म्हणून एकच प्रसंग सांगतो. रिव्होतोर्तो येथील झोपडीत सारे निजले असता मध्यरात्री एक बंधू ओरडून उठला की आपण भुकेने मरत आहोत. कडक उपवासाने त्याची ती दशा झाली होती. फ्रान्सिस ह्यांनी त्यास दटाविले नाही. त्यांनी दिवा लावविला, जे काही होते ते मांडिले, आणि त्या बंधूस एकट्याने खाण्याची लाज वाटू नये म्हणून स्वतः त्याच्याबरोबर जेवले व इतरांसही बसविले. तपस्वी म्हणून ज्यांची ख्याती, ते मध्यरात्री भावाची लाज राखण्यासाठी जेवले. असे तप आम्हांस तरी फार थोड्या ठिकाणी आढळले आहे.

मधल्या वर्षांचा वृत्तांत आम्ही थोडक्यात आटोपतो. संघ झपाट्याने वाढला. इ. स. १२१९ मध्ये धर्मयुद्ध चालू असता फ्रान्सिस इजिप्तमधील दामिएत्ता येथे गेले आणि शत्रुपक्षाचे सुलतान मलिक अल-कामिल ह्यांना निःशस्त्र भेटले. सुलतानांनी त्यांस आदराने वागविले. तेथून आले ते डोळ्यांचा असाध्य विकार घेऊनच. संघात मतभेद वाढले होते. पुष्कळांना नियम सौम्य हवा होता. इ. स. १२२० मध्ये त्यांनी संघाचा कारभार दुसऱ्याच्या हाती दिला. रिएतीच्या खोऱ्यातील फोन्ते कोलोंबो येथे त्यांनी नियम नव्याने सिद्ध केला, आणि पोप होनोरियस तिसरे ह्यांनी २९ नोव्हेंबर १२२३ रोजी त्यास मंजुरी दिली. ह्या खटपटीत संतांचे शरीर झिजले होते व मनही शिणले होते. त्याच वर्षीचा नाताळ म्हणजे ग्रेच्चोचा नाताळ.

ग्रेच्चो हे रिएतीच्या खोऱ्याच्या कडेला डोंगरात वसलेले गाव. तेथील लोक गरीब. दरवर्षी गारांनी शेतमळ्यांची नासाडी होई आणि लांडग्यांचा उपद्रव असे. ह्या गावावर फ्रान्सिस ह्यांचा लोभ होता. तेथे योहान नावाचे एक कुलीन गृहस्थ राहत. कुळाचा अभिमान सोडून त्यांनी सद्वर्तनाची कास धरिली होती आणि फ्रान्सिस ह्यांचे ते जिवलग मित्र होते. नाताळास सुमारे पंधरा दिवस राहिले असता फ्रान्सिस ह्यांनी त्यांस बोलावून आपला मनोदय सांगितला. बेथलेहेमात जन्मलेल्या बाळाचे स्मरण त्यांना करावयाचे होते. तान्ह्या बाळास लागणाऱ्या वस्तूंची त्याला कशी वाण पडली, तो गव्हाणीत कसा निजला, बैल व गाढव जवळ असता गवतावर कसा ठेविला गेला, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहावयाचे होते. हे डोळे तेव्हा मंद होत चालले होते, हे आठवले म्हणजे ह्या मागणीने आमचे काळीज हलते. संत बोनाव्हेंतुरा सांगतात की, कोणी हे नवीन खूळ समजू नये म्हणून त्यांनी आधी पोपमहाशयांची अनुज्ञा मिळविली. ही खबरदारी वाजवी होती, कारण चर्चमध्ये चालणाऱ्या सोंगा-नाटकांवर पोप इनोसंट ह्यांनी पूर्वीच निर्बंध घातला होता.

योहान तत्काळ कामास लागले. डोंगराच्या कपारीत गव्हाण ठेविली, गवत आणिले, बैल व गाढव आणून उभे केले. जवळपासच्या आश्रमांतून बंधूंना बोलावणी गेली. गावातील स्त्रीपुरुषांनी आपल्या ऐपतीप्रमाणे मेणबत्त्या व मशाली तयार केल्या. रात्र पडताच ती माणसे दिवे घेऊन डोंगराच्या वाटेने चढू लागली. रान उजळले, गीतांचा नाद खडकांवर आदळून परत येऊ लागला. गव्हाणीवरच वेदी मांडून मिस्सा झाली. फ्रान्सिस हे धर्मगुरू नव्हते, डिकन होते. डिकनचा झगा घालून त्यांनी शुभवर्तमान गाइले आणि मग लोकांस उपदेश केला. बेथलेहेम हा शब्द ते असा लांबवून उच्चारीत की कोकरू बेंबाळल्याचा भास व्हावा; आणि येशूचे नाव घेताना ओठांवर जीभ फिरवीत, जणू त्या नावाची गोडी चाखीत आहेत. हे सर्व चेलानो गावचे बंधू थॉमस ह्यांनी लिहून ठेविले आहे, आणि त्यांनी हे चरित्र घडल्या गोष्टीस पाच-सहा वर्षे होतात न होतात तोच लिहिले.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. थॉमस ह्यांच्या वृत्तांतात त्या गव्हाणीजवळ मूर्ती एकही नाही. मरियामातेची नाही, योसेफाची नाही, मेंढपाळांची नाही, बाळाचीही नाही. गवत, बैल, गाढव आणि वर वेदी. जे मेंढपाळ व्हावयाचे ते मशाली घेऊन आलेले ग्रेच्चोकर स्वतःच होते, आणि जो बाळ यावयाचा तो भाकरीच्या रूपाने वेदीवर आला. मूर्तींचे गोठे पुढे झाले. रोममधील सांता मारिया माज्जोरे ह्या मंदिरासाठी शिल्पकार अर्नोल्फो दी कांबियो ह्यांनी त्या शतकाच्या अखेरीस कोरिलेल्या संगमरवरी मूर्ती फार जुन्यांत गणल्या जातात. मूर्ती वाईट असे आम्ही म्हणत नाही. मुलांचे अर्धे ज्ञान त्यांतूनच येते. गोठ्यांच्या स्पर्धा भरवाव्यात की नाही ह्या वादातही आम्हांस शिरावयाचे नाही. परंतु विजेच्या दिव्यांच्या माळांखाली गोठा झळकत असावा व त्याच आळीतील एकट्या म्हातारीच्या घरी त्या रात्री कोणी दार ठोठावलेले नसावे, अशा गोठ्यास बक्षीस देताना परीक्षकांचा हात क्षणभर थांबला तर आम्हांस समाधान वाटेल.

त्या रात्री उपस्थितांपैकी एका सद्गुणी पुरुषास एक दर्शन झाले. गव्हाणीत एक बालक निश्चेष्ट पडलेले त्याने पाहिले. फ्रान्सिस जवळ गेले आणि जणू गाढ झोपेतून त्यांनी त्यास जागे केले. पुष्कळांच्या अंतःकरणात बाळ येशू विसरला गेला होता, तो ह्या सेवकाच्या द्वारे पुन्हा जागा झाला, असा त्याचा अर्थ थॉमस लावितात. सोहळा आटोपल्यावर लोक आनंदाने घरी परतले. गव्हाणीतील गवत त्यांनी जपून ठेविले. ते आजारी जनावरांस चारिले असता ती बरी झाली, आणि अडलेल्या बायकांस त्या गवताने सुखरूप प्रसूती झाली, असे नमूद आहे. शेतकऱ्याच्या घरात बैल वाचणे आणि सून बाळंतपणातून सुटणे ह्याहून मोठा नाताळ तो कोणता?

नाताळ हा फ्रान्सिस ह्यांना सर्व सणांचा सण वाटे. एकदा हा सण शुक्रवारी आला. त्या दिवशी मांस वर्ज्य करावे की काय ह्याची बंधूंमध्ये चर्चा चालली. बंधू मोरिको ह्यांनी शुक्रवारची आठवण काढिली तेव्हा फ्रान्सिस रागावले. ज्या दिवशी आपणांसाठी बाळ जन्मला त्यास शुक्रवार म्हणणे हेच पाप. भिंतींना मांस खाता येत असते तर त्यांनीही ते खावे, आणि येत नाही तर निदान वरून त्यांस ते चोपडावे, असे ते म्हणाले. त्या दिवशी श्रीमंतांनी गरीब व भुकेल्यांस पोटभर जेवू घालावे, बैलांस व गाढवांस नेहमीहून अधिक दाणावैरण मिळावी, ही त्यांची इच्छा. बादशहाची भेट झाली तर, ज्यांस शक्य आहे त्या सर्वांनी नाताळच्या दिवशी रस्त्यांवर धान्य टाकावे, म्हणजे पाखरांस, विशेषतः चंडोलांस, ह्या थोर दिवशी विपुल खाणे मिळेल, असा हुकूम काढण्याची विनंती आपण करू, असे ते बोलत. परंतु ह्या आनंदाच्या पोटात अश्रू होते. पवित्र कुमारी मरियेस त्या दिवशी किती वाण पडली हे आठवले की ते रडत. एकदा सर्व जेवावयास बसले असता एका बंधूने मरियेच्या दारिद्र्याचा विषय काढिला. फ्रान्सिस हुंदके देत उठले, आणि उरलेली भाकरी त्यांनी उघड्या जमिनीवर बसून खाल्ली.

ग्रेच्चोच्याच आश्रमातील आणखी एका नाताळाची हकिगत सांगावयाची आहे. थॉमस हा प्रसंग पास्काच्या सणाचा म्हणतात. संतांच्या सोबत्यांच्या आठवणींत तो नाताळचा म्हणून आला आहे, आणि आम्ही तोच पाठ धरितो. संघाचे एक वरिष्ठ सण साजरा करण्यास आले होते. पाहुण्याच्या सन्मानार्थ बंधूंनी टेबल उंच मांडिले, वर पांढरी शुभ्र वस्त्रे अंथरिली, काचेची पात्रे ठेविली. कोण असे करीत नाही? सणाचा दिवस, घरी मोठा पाहुणा. आमच्या गृहिणीदेखील त्या दिवशी कपाटातील ठेवणीतली भांडी काढितात. फ्रान्सिस आपल्या खोलीतून खाली उतरले, त्यांनी तो थाट पाहिला, आणि ते गुपचूप मागे फिरले. त्या दिवशी एक गरीब वाटसरू तेथे आला होता. त्याची टोपी व काठी त्यांनी मागून घेतली, आणि ते दाराबाहेर जाऊन उभे राहिले. मंडळी जेवावयास बसली तोच दारावर थाप पडली. देवाच्या प्रेमासाठी ह्या गरीब, आजारी यात्रेकरूस भिक्षा घाला, अशी आर्त हाक आली. सर्वांनी त्यांस तत्काळ ओळखिले. वरिष्ठांनी सांगितले की आपणही गरीब आहोत व पुष्कळ आहोत, तरी ज्या प्रभूचे नाव घेतले त्याच्याखातर आत यावे. त्यांनी आपल्यापुढील ताटली व भाकरी त्यांस दिली. फ्रान्सिस ती घेऊन विस्तवाजवळ जमिनीवर बसले आणि टेबलाकडे तोंड करून जेवू लागले. मग उसासा टाकून ते म्हणाले की, आता आपण लहान बंधूसारखे बसलो. ते मांडलेले टेबल दारोदार भिक्षा मागणाऱ्यांचे आहे असे आपणांस वाटले नाही. कोणी मान खाली घातली, कोणी मोठ्याने रडू लागले.

त्यांनी ते टेबल उलथिले नाही, पाहुण्याचा अपमान केला नाही, सणाच्या दिवशी उपवास फर्माविला नाही, हे वाचकांनी पाहावे. ज्याची त्या पंक्तीत जागा नव्हती त्याची टोपी त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतली. ती टोपी ज्याची होती तो खरा गरीब मनुष्य तेव्हा कोठे बसला होता, हे आठवणींत सांगितलेले नाही, आणि तो प्रश्न दर नाताळास आमच्या मनात उभा राहतो.

पुढील दोन-अडीच वर्षे हालांचीच होती. इ. स. १२२४ च्या सप्टेंबरात ला व्हेर्ना पर्वतावर प्रभूच्या पंचक्षतांच्या खुणा त्यांच्या देहावर उमटल्या. फोन्ते कोलोंबो येथे वैद्यांनी डोळ्यांसाठी कानशिलावर तापल्या लोखंडाचे डाग दिले. इ. स. १२२५ मध्ये सान दामियानोच्या आवारात जवळजवळ आंधळे होऊन पडले असता त्यांनी सूर्यास बंधू व चंद्रास बहीण म्हणणारे आपले सृष्टिस्तोत्र रचिले. त्याच वेळी असिसीचे बिशप व नगराधिकारी ह्यांच्यात उघड वैर पेटले होते. फ्रान्सिस ह्यांनी क्षमा करणाऱ्यांविषयी एक कडवे त्या स्तोत्रास जोडिले आणि दोन बंधूंना त्या दोघांसमोर ते गावयास पाठविले. नगराधिकारी रडला, बिशपांनी आपला रागीट स्वभाव कबूल केला, आणि दोघांनी एकमेकांस आलिंगन दिले. आपल्या बापाशी जे साधले नाही ते दुसऱ्यांच्या बाबतीत त्यांनी साधून दिले.

मरण जवळ आले तेव्हा त्यांनी पोर्सियुंकुला येथे आपणांस नेववून घेतले. रोममध्ये याकोपा दे सेत्तेसोली नावाची एक विधवा बाई त्यांची स्नेही होती. रोमला गेले असता ती त्यांच्यासाठी बदाम व साखर घालून एक गोड पदार्थ करीत असे. तो आपणांस खावासा वाटतो, असे त्यांनी तिला पत्र लिहविले. पत्र निघण्यापूर्वीच बाई दाराशी आली. कफनाचे वस्त्र, मेण आणि तो गोड पदार्थ करण्याचे साहित्य तिने बरोबर आणिले होते. त्यांनी त्यातले जेमतेम चाखिले. ज्यांनी सर्व संपत्ती टाकिली त्यांनी मैत्रिणीच्या हातचे गोड शेवटपर्यंत टाकिले नाही. नाताळच्या फराळास केवळ जिभेचे चोचले समजणाऱ्या कडक मंडळींस आम्ही ही गोष्ट मुद्दाम सांगत असतो.

शेवटी त्यांनी भाकरी मागविली, तिला आशीर्वाद दिला, आणि प्रभूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ तिचे तुकडे प्रत्येक बंधूस दिले. ३ ऑक्टोबर १२२६ च्या संध्याकाळी, शनिवारी, त्यांनी उघड्या भूमीवर प्राण सोडिला. चंडोल हा पक्षी उजेडाचा भोक्ता. अंधार पडला की तो उडत नाही. परंतु त्या संध्याकाळी चंडोलांचा मोठा थवा त्या घराच्या छपरावर येऊन घिरट्या घालीत बराच वेळ गात राहिला, असे तेथे असलेल्यांनी सांगितले.

१६ जुलै १२२८ रोजी पोप ग्रेगरी नववे ह्यांनी त्यांस संतपद दिले. ग्रेच्चोच्या कपारीत ज्या ठिकाणी गव्हाण मांडिली होती तेथे लोकांनी वेदी बांधिली. जनावरांनी जेथे गवत खाल्ले तेथे माणसांनी प्रभूचे शरीर सेवन करावे हा त्यामागील हेतू होता, असे बंधू थॉमस लिहितात. १ डिसेंबर २०१९ रोजी संतांचेच नाव धारण केलेले पोप फ्रान्सिस त्या डोंगरावर गेले आणि नाताळच्या गव्हाणीविषयीचे आपले पत्र त्यांनी तेथेच स्वाक्षरी करून प्रसिद्ध केले. त्या रात्रीस इ. स. २०२३ मध्ये आठशे वर्षे पूर्ण झाली. कपारीचा तो खडक व त्यापुढील वेदी आजही ग्रेच्चो येथे पाहावयास मिळते.